बरं करणारा पुजारी मुडदे उठवायला लागतो: क्लेरिकला नेक्रोमन्सीकडे वळवायची पूर्ण पद्धत

डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलवर बसून कॅरेक्टर चालवायच्या खेळाच्या प्रत्येक ग्रुपात एक जण हीलर, म्हणजे जखमा बऱ्या करणारा क्लेरिक (पुजारी), असतोच, अन काही महिने गेले की त्याच प्लेअरचं तोंड उतरलेलं दिसते, काहून की बाकीचे पोट्टे तलवारी चालवतात, आगी लावतात अन हा बिचारा दर राऊंडला कोणाला तरी क्युअर वूंड्स हा जखम भरायचा स्पेल (मंत्र) मारत बसतो. मग एक दिवस तो म्हणतो, भाऊ, हे कॅरेक्टर मारून टाकतो अन नेक्रोमान्सर विझार्ड, म्हणजे मुडदे उठवणारा जादूगार, आणतो. माझं म्हणणं सरळ आहे, मारू नका. जो पुजारी आजवर लोकांना मरणाच्या दारातून ओढून आणत होता तोच मुडदे उठवायला लागला तर ती गोष्ट कोणत्याही नव्या विझार्डपेक्षा दहापट चांगली होते, अन त्यासाठी नवा क्लास (कॅरेक्टरचा पेशा) घ्यायची, मल्टिक्लास (दोन पेशे एकत्र) करायची काहीच गरज नाही.

आधी सामानाचं सांगतो. पुस्तकं महाग आहेत अन आपल्याकडे गावात कुरिअर यायचं म्हणजे तालुक्याच्या गाडीची वाट पाहा, त्यामुळे मी हे सगळं फुकटात मिळणाऱ्या एसआरडी ५.१ वर बसवलं आहे. हे फिफ्थ एडिशनचे मूळ नियम २०२३ च्या जानेवारीत क्रिएटिव्ह कॉमन्स लायसन्सखाली खुले झाले, पीडीएफ मोबाईलवर उतरवून ठेवा म्हणजे रेंज असो नसो, लाईन असो नसो, काम चालते. त्यात क्लेरिकचं एकच डोमेन (पुजाऱ्याची शाखा) आहे, लाइफ डोमेन, म्हणजे शुद्ध हीलर. बरेच जण तिथेच अडकतात, की डेथ डोमेन तर यात नाहीच. पण आपल्याला लाइफच पाहिजे, ते कसं ते खाली येईल.

हीलिंग अन नेक्रोमन्सी एकाच घरातल्या

लोकांच्या डोक्यात असते की हीलिंग म्हणजे चांगलं अन नेक्रोमन्सी म्हणजे वाईट, दोन वेगळे रस्ते. नियमात तसं नाही. १९७८ च्या प्लेअर्स हँडबुकात क्युअर लाइट वूंड्स (आजच्या क्युअर वूंड्सचं जुनं रूप) हा स्पेलच नेक्रोमँटिक म्हणून छापला होता, अन तोच उलटा करून जखम द्यायची सोय पण होती. १९८९ च्या सेकंड एडिशनमध्येही तो नेक्रोमन्सीतच. २००० साली तो कॉन्ज्युरेशन या जादूच्या दुसऱ्या प्रकारात गेला, २०१४ ला इव्होकेशन झाला, २०२४ ला अ‍ॅब्ज्युरेशन. म्हणजे बरं करायची विद्या घरं बदलत राहिली. पण २०१४ चे नियम उघडून पाहा, स्पेअर द डाइंग (मरणाऱ्याला सावरणारा) अन रेझ डेड (मेलेल्याला जिवंत करणारा) हे आजही नेक्रोमन्सीच आहेत. मरणाऱ्याचा जीव धरून ठेवणं अन मेलेल्याला परत आणणं, तुमचा पुजारी हे करतच आला आहे. त्याला फक्त एक पाऊल पुढे टाकायचं आहे, अन ते पाऊल तो काहून टाकतो हे तुम्हाला ठरवायचं आहे.

कारण ठरवा, अन पैशाचं कारण सगळ्यात जोरदार आहे

बदला, शाप, काळं पुस्तक सापडलं, ही कारणं चालतात पण ती सगळ्यांनी वापरून झाली. मी नियमातल्याच खर्चाकडे बोट दाखवतो. नुकत्याच मेलेल्याला जिवंत करणाऱ्या रिव्हिव्हिफायला ३०० सोन्याच्या नाण्यांचे हिरे लागतात अन ते जळून जातात, शिवाय माणूस मेल्यावर एका मिनिटाच्या आत स्पेल टाकावा लागतो. रेझ डेडला ५०० चा हिरा, तोही संपतो. अ‍ॅनिमेट डेडला (मुडदा उठवायच्या स्पेलला) काय लागते? रक्ताचा एक थेंब, मांसाचा एक तुकडा, चिमूटभर हाडाची भुकटी. झालं.

आता ज्या गावात दवाखान्याच्या खर्चापायी वावर गहाण पडते तिथल्या प्लेअरला हे समजावून सांगावं लागत नाही. तुमचा पुजारी गरीब गावाचा आहे, तापाची साथ आली, हिरे फक्त शहरातल्या सावकाराकडे, अन तो एकामागून एक माणूस जाताना पाहतो. पेरणी तोंडावर आहे अन हात नाहीत. कोणीतरी म्हणते, महाराज, हाडं तर आहेत ना. एवढं पुरे. असा पुजारी दुष्ट होत नाही, तो हट्टी होतो, अन हट्टी माणूस टेबलवर पाहायला फार मजा येते.

एक गोष्ट डीएमने (खेळ चालवणाऱ्या डंजन मास्टरने) स्पष्ट सांगून ठेवावी: २०१४ च्या नियमात लिहिलंच आहे की अ‍ॅनिमेट डेडसारख्या स्पेलने अनडेड (उठवलेले मुडदे) बनवणं हे चांगलं काम नाही, अन वारंवार ते दुष्ट जादूगारच करतात. म्हणजे कधीमधी केलं तर अलाइनमेंट (कॅरेक्टरचा चांगला-वाईट कल) लगेच बदलत नाही, रोज केलं तर बदलते. ही मधली जागाच आपलं वावर आहे.

पहिली ते चौथी लेव्हल: नुसतं बी पेरा

इथे घाई करू नका. पहिल्या लेव्हलला कॅन्ट्रिपमध्ये (कितीही वेळा टाकता येणारे छोटे स्पेल) स्पेअर द डाइंग घ्या, अन रोजच्या तयारीत एक इन्फ्लिक्ट वूंड्स ठेवा. तो हाताने स्पर्श करून मारायचा स्पेल आहे, लागला तर ३ डी १० (दहा बाजूंचे तीन फासे) नेक्रॉटिक डॅमेज, पहिल्या लेव्हलला लय होते. लाइफ डोमेनला हेवी आर्मर मिळते म्हणून शत्रूच्या अंगाशी जाणं परवडते. वर्णन करताना दोन्ही स्पेलला एकच हात, एकच मंत्र वापरा. ज्या हाताने ताप उतरवला त्याच हाताने जीव काढला, हे टेबलवरच्या बाकीच्यांना आपोआप दिसते, सांगावं लागत नाही.

तिसऱ्या लेव्हलला जेंटल रिपोझ येतो अन हा स्पेल लोक दुर्लक्षित करतात. दहा दिवस प्रेत सडत नाही, ते अनडेड बनू शकत नाही, अन मेलेल्याला परत आणायची जी मुदत असते तिच्यात हे दिवस मोजल्या जात नाहीत. रिच्युअल आहे, स्लॉट (दिवसभरात स्पेल टाकायची मोजकी संधी) लागत नाही. पुजाऱ्याला गावातल्या प्रत्येक मयतावर हा विधी करू द्या. गावकरी त्याच्यावर विश्वास ठेवतात की हा आपल्या माणसाच्या हाडांना काही होऊ देणार नाही. पुढे याच विश्वासाचं काय होते ते पाहायचं आहे, म्हणून डीएमने प्रत्येक मयताचं नाव वहीत लिहून ठेवावं.

पाचवी लेव्हल: दोन स्लॉट, तीन इच्छा

सगळी गंमत इथे आहे, म्हणून इथे थांबून नीट वाचा.

पाचव्या लेव्हलला क्लेरिकला तिसऱ्या दर्जाचे स्पेल मिळतात अन स्लॉट मिळतात फक्त दोन. अन त्याच दिवशी तीन गोष्टी हाताशी येतात: रिव्हिव्हिफाय, स्पीक विथ डेड अन अ‍ॅनिमेट डेड. तिन्ही तिसऱ्याच दर्जाचे. म्हणजे प्रत्येक सकाळी पुजाऱ्याला ठरवावं लागते की आज मेलेल्याला परत आणायची सोय ठेवायची, मेलेल्याला विचारायचं, की मेलेल्याला कामाला लावायचं.

आता लाइफ डोमेन काहून पाहिजे ते सांगतो. क्लेरिक रोज लेव्हल अधिक विझडमचा बोनस एवढे स्पेल तयार करतो, म्हणजे पाचव्या लेव्हलला विझडम १८ असलं तर नऊ. पण डोमेनचे स्पेल कायमचे तयार असतात अन या नऊत मोजल्या जात नाहीत. लाइफ डोमेनमध्ये ब्लेस, क्युअर वूंड्स, लेसर रिस्टोरेशन, स्पिरिच्युअल वेपन, बीकन ऑफ होप, रिव्हिव्हिफाय हे सहा फुकट बसलेले आहेत. म्हणजे हीलिंगची बाजू आपोआप सांभाळल्या जाते अन नऊच्या नऊ जागा तुम्ही मरणाच्या विद्येला देऊ शकता: इन्फ्लिक्ट वूंड्स, ब्लाइंडनेस, बिस्टो कर्स, स्पीक विथ डेड, अ‍ॅनिमेट डेड, स्पिरिट गार्डियन्स. पार्टीला हीलर गेला असं वाटतच नाही. डेथ डोमेनवाल्याला हा फायदा नाही, त्याला हीलिंगसाठी जागा खर्च करावी लागते.

पहिला मुडदा उठवायच्या आधी एक सीन नक्की खेळा. पहिला स्लॉट स्पीक विथ डेडवर घाला. प्रेताला तोंड पाहिजे, ते पाच प्रश्नांची उत्तरं देते, जिवंतपणी जे माहीत होतं तेवढंच सांगते, अन त्याचा खरा आत्मा परत येत नाही. समजा आपला पुजारी सोमा आहे अन समोर त्याच्याच देवळात झाडलोट करणारी म्हातारी गेली आहे. चार प्रश्न तो इकडचे तिकडचे विचारतो, दागिना कुठे ठेवला, ताप कोणाच्या विहिरीतून आला. पाचवा प्रश्न, “माय, तुझे हाडं वापरू का?” डीएमने इथे उत्तर लांबवू नये, एका वाक्यात द्यावं, अन हो की नाही हे आधीच ठरवून ठेवावं, फासा टाकू नये. उत्तर काहीही आलं तरी सोमाकडे एक स्लॉट उरला आहे. नाही म्हटल्यावरही त्याने तो वापरला तर कॅम्पेन तिथून पुढे स्वतःच्या पायाने चालते. अन त्याच रात्री जर पार्टीतलं कोणी मेलं तर रिव्हिव्हिफायला स्लॉट नाही, हे पण लक्षात असू द्या.

सांगाड्यांचा हिशोब

अ‍ॅनिमेट डेड टाकायला एक मिनिट लागतो, म्हणजे लढाईत होत नाही. मध्यम किंवा लहान आकाराच्या ह्युमनॉइडचं प्रेत किंवा हाडांचा ढीग पाहिजे, प्रेताचा झोंबी होतो, हाडांचा सांगाडा. कॉन्सन्ट्रेशन (स्पेल टिकवायला धरावं लागणारं लक्ष) लागत नाही. चोवीस तास तो तुमचं ऐकतो, अन ताबा चालू ठेवायचा तर मुदत संपायच्या आत परत स्पेल टाकायचा, त्या एका स्पेलमध्ये जुन्या चार जणांचा ताबा टिकवता येतो, पण मग त्या स्पेलने नवा उठत नाही. सातव्या लेव्हलला चौथ्या दर्जाचा स्लॉट मिळाला की एका वेळी तीन नवे उठवता येतात किंवा सहा जुने सांभाळता येतात.

सांगाडा घ्या, झोंबी नको, असं माझं मत. झोंबीला हिट पॉइंट (जीव) २२ आहेत अन पडता पडता तो परत उभा राहू शकतो हे खरं, पण चाल २० फूट अन आर्मर क्लास (मार लागणं किती अवघड तो आकडा) ८, तो मागेच राहतो. सांगाड्याचे १३ हिट पॉइंट, आर्मर क्लास १३, अन हातात शॉर्टबो. चार सांगाडे लांबून बाण मारतात, प्रत्येकाला +४, समोरच्याचा आर्मर क्लास १५ असला तर साधारण निम्मे लागतात, प्रत्येकी सरासरी ५ डॅमेज. पाचव्या लेव्हलला हे चांगलंच आहे. फक्त लाठी-हातोड्याच्या माराला ते दुप्पट फुटतात.

आता खड्डे. पहिला अन सगळ्यात मोठा: टर्न अनडेड, म्हणजे क्लेरिकची अनडेडला पळवून लावायची प्रार्थना. २०१४ च्या नियमात तुमच्या ३० फुटांतल्या प्रत्येक अनडेडला सेव्ह (बचावाचा फासा) करावा लागतो, आपला-परका असा भेद नाही. अन पाचव्याच लेव्हलला डिस्ट्रॉय अनडेड मिळते, चॅलेंज रेटिंग (ताकदीचा आकडा) अर्धा किंवा कमी असलेला अनडेड सेव्ह चुकला की जागेवर खलास. सांगाडा पाव आहे. म्हणजे ज्या दिवशी पुजारी मुडदे उठवायला शिकतो त्याच दिवशी त्याची जुनी प्रार्थना त्याच मुडद्यांचा भुगा करायला शिकते. सांगाड्यांना ३० फुटांबाहेर ठेवूनच टर्न करा, नाहीतर करूच नका. २०२४ च्या नियमात कोणाला लागू करायचं ते निवडता येते, त्यामुळे टेबलवर कोणती आवृत्ती चालू आहे ते आधी विचारून घ्या.

दुसरा खड्डा टर्नमध्ये एकदाच मिळणाऱ्या जादा कृतीचा, म्हणजे बोनस अ‍ॅक्शनचा. सांगाड्यांना हुकूम द्यायला बोनस अ‍ॅक्शन लागते, हीलिंग वर्डलाही तीच, स्पिरिच्युअल वेपन हलवायलाही तीच. म्हणून हुकूम असा द्या की तो रोज रोज बदलावा लागू नये, “त्या दारातून जो येईल त्याच्यावर बाण मारा”, ते काम संपेपर्यंत तेच करत राहतात. हुकूम म्हणजे स्पेल नाही, म्हणून त्याच टर्नमध्ये अ‍ॅक्शनने क्युअर वूंड्स टाकायला काही अडत नाही.

तिसरं म्हणजे क्युअर वूंड्स, हीलिंग वर्ड, प्रिझर्व्ह लाइफ (लाइफ डोमेनची बरं करायची शक्ती) यातलं काहीच अनडेडवर चालत नाही. कोणी कोणी डीएम इथे घरचा नियम करून नेक्रॉटिक डॅमेजने सांगाडे बरे करू देतात. मी करू देत नाही. म्हातारीचा सांगाडा बाण लागून मोडायला आला आहे, सोमा सवयीने हात ठेवतो, मंत्र म्हणतो, स्लॉट जातो अन काहीच होत नाही. आयुष्यभर ज्या हातावर त्याचा भरवसा होता तो इथे चालत नाही, हे प्लेअरला नियमातूनच कळू द्या.

टेबलवर वेळ जाऊ नये म्हणून: सांगाड्यांसाठी फुटलेले चिंचोके ठेवा, पांढरी बाजू वर म्हणजे ताब्यात, तपकिरी बाजू वर म्हणजे चोवीस तास उलटले. सगळ्यांचा एकच इनिशिएटिव्ह (पाळीचा क्रम), डॅमेज सरासरीच धरा, अन चारच्या वर सांगाडे नेऊ नका, नाहीतर बाकीचे तीन जण मोबाईल पाहत बसतात. बाकीच्यांना मजा येत नसेल तर हे सगळं वाया आहे. एखाद-दोन सांगाडे दुसऱ्या प्लेअरच्या हाती चालवायला द्या, पोट्टे खूश होतात.

देव, गाव अन पार्टी

देवाने लगेच शक्ती काढून घेऊ नये, ते फार आळशी उत्तर आहे. पहिल्या वेळी देव्हाऱ्यातला दिवा विझतो, दुसऱ्या वेळी ब्लेस टाकल्यावर आवाज येत नाही, स्पिरिट गार्डियन्स टाकले की आधी देवदूतांसारखे दिसणारे आकार आता ओळखीच्या मयत चेहऱ्यांचे दिसतात. अन कॅरेक्टर दुष्ट अलाइनमेंटकडे गेलं की त्याच स्पेलचं डॅमेज रेडियंटचं नेक्रॉटिक होते, हे नियमातच आहे, वेगळं काही बनवायला नको. फरगॉटन रिअल्म्सचं जग वापरत असाल तर केलेमव्होर अन मिरकुल ही जोडी तयारच आहे, दोघंही मृत्यूशी जोडलेले देव, पण केलेमव्होरला अनडेड अजिबात खपत नाहीत. केलेमव्होरचा पुजारी मिरकुलकडे सरकतो, हा रस्ता चांगला आहे.

स्वतःचं जग बनवत असाल तर देव स्वतः बनवा. आपले खरे देव, आपले संत, गावची माय, कोणाचं कुलदैवत, यातलं कोणीच मुडदे उठवायच्या खेळात आणू नका. तसंच करणी, भानामती, कोणावर असलेला जादूटोण्याचा संशय हे विषय खेळात नकोत. आपल्या भागात असल्या संशयापायी माणसं मारल्या गेली आहेत, जादूटोणाविरोधी कायदा २०१३ ला आला तो उगाच नाही. गावातल्या खऱ्या माणसासारखं दिसणारं भगताचं कॅरेक्टर बनवू नका, खरी हाडं-कवट्या-लिंबं टेबलवर ठेवू नका, अन ओसरीत खेळत असाल तर घरच्यांना आधी सांगा की हा खेळ काय आहे. ग्रुपातल्या कोणाच्या घरी नुकतंच मयत झालं असेल तर हा रस्ता सरळ पुढे ढकला. खेळ सुरू करायच्या आधीच सगळ्यांना एकेकट्याने विचारा, सगळ्यांसमोर कोणी नाही म्हणत नाही.

जागा मात्र आपल्याच घ्या, त्या फार दमदार आहेत. नागपूरजवळ जुनापाणीला लोहयुगातली दगडी वर्तुळं आहेत, तीनशेच्या आसपास, मोठाले दगड गोल मांडलेले अन मधात गोट्यांचा भराव, खाली दफन. रिव्हेट-कार्नाक या इंग्रज अधिकाऱ्याने त्यांच्याबद्दल १८७९ ला लिहिलं. माहुरझरीच्या वर्तुळांत तर घोडे पुरलेले सापडले, तांब्याच्या दागिन्यांसकट. डीएमला आयता नकाशा. सोमा तिथे पोचला अन त्याला घोडा दिसला, तर नियमाने अ‍ॅनिमेट डेड घोड्यावर चालत नाही, ह्युमनॉइडच पाहिजे. पण एसआरडीत वॉरहॉर्स स्केलेटनचा (लढाऊ घोड्याच्या सांगाड्याचा) स्टॅट ब्लॉक आहे, चॅलेंज रेटिंग अर्धा, तेव्हा एका मोठ्या सौद्याच्या बदल्यात डीएमने तो एकदाच द्यायला हरकत नाही.

पुस्तकं असतील तर डोमेन बदलायचं का

टाशाज कॉलड्रन ऑफ एव्हरीथिंग या २०२० च्या नियमांच्या पुस्तकात डीएमच्या परवानगीने सबक्लास (क्लेरिकसाठी म्हणजे डोमेन) बदलायची सोय दिली आहे, जेव्हा सबक्लासचं नवं फीचर मिळायचं असते तेव्हा. डेथ डोमेन डंजन मास्टर्स गाइडमध्ये खलनायकांसाठी म्हणून दिलं आहे, मार जबरदस्त, पण हीलिंगची फुकट बाजू जाते. ग्रेव्ह डोमेन झनाथरच्या २०१७ च्या पुस्तकात आहे, मरणाच्या दारात पडलेल्याला वाचवण्यात ते सगळ्यात भारी, पण त्याचे पुजारी अनडेडचे वैरी असतात, म्हणजे आपल्या गोष्टीच्या उलट दिशेला. मी लाइफच ठेवतो अन सहाव्या लेव्हलला फक्त ब्लेस्ड हीलर हे फीचर काढून त्याच्या जागी एवढंच देतो की उठवलेल्या प्रत्येक अनडेडचे हिट पॉइंट क्लेरिक लेव्हलएवढे वाढतात. नेक्रोमन्सी विझार्डला सहाव्या लेव्हलला यापेक्षा जास्तच मिळते, म्हणून तोल बिघडत नाही.

नवव्या लेव्हलनंतर

नवव्या लेव्हलला लाइफ डोमेनचा पुजारी रेझ डेड आपोआप शिकतो. इथे सोमाला वाटेल, चला, आता म्हातारीला खरीच परत आणतो, हिराही मिळाला आहे. होत नाही. रेझ डेड अनडेडला जिवंत करत नाही, मरून दहा दिवसांच्या वर झालेल्याला आणत नाही, अन शरीराचे जगण्यापुरते अवयवच नसतील तर तसाही फसतो. हे डीएमने आधी सांगू नये, पण प्लेअरने नियम वाचून विचारलं तर लपवूही नये.

अकराव्या लेव्हलला क्रिएट अनडेड येतो, फक्त रात्रीच टाकता येतो, तीन घूल (मुडदे खाणारे अनडेड) उठतात. ज्याला पूर्ण काळोखात जायचं आहे त्याचा रस्ता तो. अन ज्याला मागे फिरायचं आहे त्याला तेराव्या लेव्हलपर्यंत थांबावं लागते. तिथे रेझरेक्शन मिळतो, शंभर वर्षांपर्यंतचा मृत माणूस नुसत्या हाडांवरूनही परत येतो, १००० नाण्यांचा हिरा लागतो. पण दोन अटी: माणूस म्हातारपणाने मेलेला नसावा, अन समोरचा देह त्या वेळी अनडेड नसावा. म्हातारी तापाने गेली होती, म्हणून पहिली अट सुटते. दुसरीसाठी सोमाला तो सांगाडा आधी स्वतः मोडावा लागतो, अन आत्म्याला परत यायची इच्छा असावी लागते, ती नसली तर स्पेल लागत नाही. म्हातारीने पाचव्या प्रश्नाला काय उत्तर दिलं होतं ते डीएमने वहीतून काढून पाहावं अन त्यावरूनच ठरवावं.